सिमेंटचं पोलकं

तंजावूरहून ओरत्तनाडुकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथे गावाची घरं संपून भाताची खाचरं सुरू होत, तिथे दोन मजली घराएवढी एक सिमेंटची बाई उभी होती. डोक्यावर भाताचा भारा, कमरेला खोचलेला विळा, एक हात भाऱ्याला आणि दुसरा कमरेवर. शेजारी एक बैल बसलेला. चौथऱ्यावर तमिळमध्ये लिहिलं होतं की या मातीतल्या शेतकऱ्यांना हा पुतळा अर्पण. बाईचा चेहरा माझ्या आईचा होता.

आईचा आणि शेतीचा संबंध तांदळातले खडे वेचण्यापुरता होता. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. रस्त्यात चिखल असला की ती समोरची गल्ली ओलांडायलाही ऑटो करायची. आमचं घर राजवाड्याच्या मागच्या बाजूला. आमचे पूर्वज भोसल्यांच्या वेळी कारकुनी करायला इकडे आले. पुढे राज्य गेलं, पण कारकुनी सुटली नाही. अप्पाही वीज मंडळात फायली सांभाळत. घरात आम्ही मराठी बोलायचो, आणि ती अशी की पुढे मी नोकरीसाठी पुण्याला गेले तेव्हा ऑफिसातल्या बायकांनी मला प्रेमाने विचारलं, तुमची मातृभाषा कोणती? देवनागरी लिहायला मी तिथेच शिकले. त्यामुळे इथल्या माणसांना मी पुण्याच्या मराठीत बोलायला लावते आहे. प्रत्यक्षात ती तमिळमध्ये किंवा आमच्या घरच्या मराठीत बोलली. आईला हे वाचता येणार नाही, आणि ते एका अर्थी बरंच आहे.

नव्वदीचा मधला काळ होता. गल्लीत केबल आली होती, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उगवले होते, आणि गावात लवकरच एक मोठा सरकारी सोहळा व्हायचा होता. त्यासाठी रस्ते डांबरी झाले, भिंती रंगल्या, आणि प्रत्येक चौकात काहीतरी उभं करायची लाट आली. ओरत्तनाडुच्या रस्त्यावर काय उभं करायचं हे ठरवायला एक समिती झाली. तिचे अध्यक्ष एका भातगिरणीचे मालक होते. सगळे त्यांना मुदलाळी म्हणत, म्हणजे शेठ. तंजावूर म्हणजे तमिळ देशाचं भाताचं कोठार, हे ते चहा मागवतानाही सांगत. त्यांच्या मनात शेतकरी, त्याची बायको आणि दोन बैल असा सगळा संसार उभा करायचा होता.

पहिला अडला तो शेतकरी. आमच्याकडे पुरुषाचा पुतळा म्हटलं की तो कुठल्यातरी पुढाऱ्यासारखा दिसणारच. मिशी ठेवली तर एका पक्षाचा वाटतो, काढली तर दुसऱ्याचा, आणि डोक्याला मुंडासं बांधलं तर दोन्ही पक्ष चिडतात. समितीने बरीच चर्चा करून शेतकऱ्याला वगळलं. शेतकऱ्यांच्या पुतळ्यात शेतकरी नको हे एकमताने ठरलं. उरली बायको आणि एक बैल.

काम मिळालं एका स्थपतीला. ते गोपुरांवरच्या सिमेंटच्या मूर्ती करत, आणि या कामासाठी त्यांनी आमच्या समोरच्या घरातली खोली भाड्याने घेतली होती. पन्नाशी उलटलेले, सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. सगळं आयुष्य देव करण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांचा हात दुसरीकडे वळेना. त्यांनी बैल केला तर तो नंदी झाला. पाय दुमडून बसलेला, गळ्यात घंटांची माळ, नजर समोरच्या न दिसणाऱ्या शिवलिंगावर. शेतात बैल असा बसत नाही, हे मुदलाळींनी सांगून पाहिलं. स्थपती म्हणाले, आमच्या शास्त्रात बैल बसलेलाच असतो. शेवटी समितीने मान्य केलं की बाई राबते आहे आणि बैल विश्रांती घेतो आहे. समितीतल्या बऱ्याच जणांच्या घरीही हीच व्यवस्था होती.

बाईच्या बाबतीत मात्र मुदलाळी हटले नाहीत. पहिला मातीचा नमुना बघायला ते आमच्या गल्लीत आले, तेव्हा मी ओट्यावर परीक्षेचा अभ्यास करत होते. नमुना बघून ते म्हणाले, ही लक्ष्मी आहे. हिला रस्त्यावर उभी केली तर लोक चपला काढतील आणि रहदारी तुंबेल. मला बाई पाहिजे. स्थपतींनी विचारलं, कशी बाई? मुदलाळी म्हणाले, जिवंत, खऱ्यातली. आणि ते निघून गेले.

स्थपतींच्या खिडकीतून जिवंत आणि खऱ्यातली अशी एकच बाई रोज दिसत होती. संध्याकाळी फुलवाली यायची. आमच्याकडे गजरा मुळमाने विकतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मुळम. आईचं म्हणणं असं की फुलवालीचा हात आखूड आहे, म्हणून मुळम माझ्या हाताने मोजायचा. फुलवालीचं म्हणणं असं की विकणारीच्या हाताचा मुळम चालतो. "मग तू ये, वर्गात माझ्या जागी गणित तपास," असं आई म्हणायची, आणि फुलवाली म्हणायची की येते, तू टोपली घे. हे रोज चालायचं. त्या वेळी आईचा डावा हात कमरेवर असायचा, हनुवटी वर, भुवई चढलेली, आणि उजवा हात मोजून दाखवण्यासाठी उंच धरलेला. समोरच्या खिडकीत स्थपती कॉफी पीत बसलेले असत. आम्हाला वाटायचं, बिचाऱ्याला एकटं वाटत असेल.

उद्घाटनाला एक मंत्री आले. शाळांमधून मुली आणल्या होत्या, आणि आमच्या आईच्या शाळेच्या रांगा आईच लावत होती. मीही गर्दीत होते, कारण कॉलेजला सुट्टी दिली होती आणि सरबत मिळणार होतं. भाषणं झाली. मंत्र्यांनी दोरी ओढली, कापड भाऱ्याला अडकलं, दोघांनी बांबूने सोडवलं, आणि ती बाई दिसली.

मुलींच्या पहिल्या रांगेत खुसखुस झाली आणि ती मागे मागे पसरत गेली. मी पुतळ्याकडे पाहिलं, मग आईकडे. रांग सरळ करायला ती एक हात उंच करून, दुसरा कमरेवर ठेवून उभी होती. भाऱ्याचाच काय तो फरक. नाक तेच, भुवई तीच, समोरच्याचं काहीतरी चुकलं आहे हे आधीच माहीत असलेली नजरही तीच. आईने मुलींच्या नजरेमागे नजर नेली, पुतळा पाहिला, आणि हात खाली घेतला.

चेहऱ्यावर भागलं असतं तर कदाचित तिने सोडून दिलं असतं. पण शेतातल्या जुन्या बाईसारखं त्या बाईने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं होतं, आणि पदर होता पण पोलकं नव्हतं. खांदे, दंड, पाठ, सगळं मोकळं, दोन मजली घराच्या मापाचं.

घरी आल्यावर अप्पांनी एक चूक केली. ते म्हणाले की नाक फार छान जमलं आहे. त्यानंतर बरेच दिवस त्यांना जेवणात काय हवं ते कोणी विचारलं नाही. कुंभकोणम आणि मद्रासहून नातेवाईक येऊ लागले. देवदर्शनाला आलो म्हणत, आणि देवळात जायच्या आधी ओरत्तनाडुच्या रस्त्याची चौकशी करत. एक दूरचे काका, ज्यांना आपण सरदारांच्या वंशातले असं उगाच वाटायचं, ते सोफ्यावर बसून म्हणाले की आपले पूर्वज इथे घोड्यावरून आले आणि आज आपल्या घरची बाई रस्त्यात गवत घेऊन उभी आहे. आई म्हणाली, ते गवत नाही, भात आहे, आणि तुमचे पूर्वज खातेवह्या घेऊन बैलगाडीतून आले होते. मग तिने त्यांना दुसरी कॉफी दिली नाही.

शाळेत मुलींनी गाणं केलं. तमिळमध्ये सिलै म्हणजे पुतळा आणि सेलै म्हणजे साडी. "टीचर सिलै, नुसती सेलै." आईने फळ्याकडे तोंड केलं की ते सुरू व्हायचं आणि वळलं की थांबायचं. माझ्या कॉलेजात मुलं एवढी कल्पक नव्हती. ती मला नुसती बैलाची बहीण म्हणत. मला लाज वाटायची, रागही यायचा, आणि बस तिथून गेली की मी मान वळवून पाहायचेच.

एका रविवारी आई समोरच्या घरी गेली. मला बरोबर नेलं, कारण एकट्या पुरुषाच्या खोलीत एकटीने जायचं नाही. स्थपती हातातलं काम ठेवून उभे राहिले. आईने सरळ विचारलं, माझा चेहरा का घेतलात? त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"टीचरम्मा, मी आयुष्यभर देवी केल्या," ते म्हणाले. "देवीला राग आला तर ती राक्षस मारते. दारात उभं राहून फुलांसाठी भांडणारी देवी मला कोणी शिकवली नव्हती. रोज बघत होतो. हात आपोआप तिकडे गेला."

आईने त्यांनी खाली ठेवलेल्या कामाकडे पाहिलं. मग म्हणाली, "विचारायला हवं होतं."

"तुम्ही हो म्हटलं असतं?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं."

तिने आवाज चढवला नाही. पोलक्याचं काय, एवढंच विचारलं. स्थपती म्हणाले, मी लगेच घालतो, पण समितीतले प्राध्यापक ऐकत नाहीत. तेव्हा आई समितीकडे गेली.

समिती गिरणीच्या ऑफिसात बसायची. सगळीकडे कोंडा उडत होता आणि भुसभुशीत गरम वास येत होता. आई मुदलाळींच्या समोर बसली, मी दाराशी. इतिहासाचे प्राध्यापक तयारीने आले होते. ते म्हणाले की जुन्या काळी शेतात राबणाऱ्या बायका पोलकं घालत नसत, हा वारशाचा पुतळा आहे, आणि वारशात आपल्या सोयीने फेरफार करता येत नाही. बोलताना ते आईकडे न बघता पंख्याकडे बघत होते.

आईने विचारलं, जुन्या काळी म्हणजे केव्हा? ते म्हणाले, साधारण आमच्या पणज्यांच्या वेळी. तेव्हा मी जन्मले होते का, असं आईने विचारलं. प्राध्यापक नाही म्हणाले.

"मग माझं नाक तिथे कसं आलं?" आई म्हणाली. "नाक आजचं असेल तर पोलकंही आजचं पाहिजे. पोलकं पणजीच्या काळचं ठेवायचं असेल तर नाकही पणजीचं आणून लावा. एका गणितात दोन वेगळे काळ धरता येत नाहीत."

प्राध्यापकांनी पंख्याकडे बघणं सोडलं. मुदलाळींनी हिशेब लगेच ओळखला. नाक बदलायचं म्हणजे मंत्र्यांनी अनावरण केलेल्या पुतळ्याचं नाक फोडायचं, आणि ते ज्या दिवशी फुटेल त्या दिवशी फोटोसह वर्तमानपत्रात येईल. ते म्हणाले, टीचरम्मा, बाह्या किती लांब ठेवायच्या?

पोलकं घालायचं काम दोन दिवस चाललं. बांबूंची परांची बांधली, स्थपती वर चढले आणि आई छत्री घेऊन खाली उभी राहिली. ती जाणार नाही असं म्हणाली होती, पण शिंप्याला कधी एकटं सोडायचं नसतं असं तिचं मत होतं. बाही कोपराच्या वर चार बोटं, गळा गोल, मागे खोल नको. वरून स्थपती विचारायचे, खालून आई सांगायची. येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे ड्रायव्हर वेग कमी करायचे आणि खिडकीतल्या बायका सल्ले द्यायच्या. एकीने काठाची नक्षीही सुचवली. आई तिला म्हणाली, रोजच्या कामाला काठाचं पोलकं कोण घालतं?

एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आली नव्हती. सिमेंटच्या पोलक्याला जाडी असते. थर चढला, तशी बाई जिथे भरायला नको तिथे चांगलीच भरली. परांची निघाली तेव्हा समोरच्या टपरीत बसलेल्या अप्पांना चहा नाकातून आला. आईने बराच वेळ वर पाहिलं. मला वाटलं, आता ती पोलकं काढून टाकायला सांगणार. ती म्हणाली, "असू दे. शेतात काम करणारी बाई आहे, अंगाने मजबूत असणारच." रंग तिनेच निवडला. लाखेसारख्या लाल साडीवर आंब्याचं पिवळं.

पुतळा टाळायला ती लांबच्या रस्त्याने शाळेत जायची, ते त्यानंतर थांबलं. पुतळ्यापाशी नवा बसथांबा झाला होता आणि त्याला सरकारी नाव काहीतरी लांबलचक होतं. कंडक्टर मात्र "टीचर, टीचर उतरा" असं ओरडत. आई पहिल्यांदा तिथे उतरली तेव्हा कंडक्टरने आधी तिच्याकडे, मग पुतळ्याकडे पाहिलं आणि तिचं तिकीट तपासायचं विसरला. घरी येऊन ती हे सांगताना गंभीर होती, पण दोनदा सांगितलं. कावळ्यांनी भाऱ्यात घरटं केलं की ती स्थपतींना निरोप पाठवायची. मुलींचं गाणंही बंद झालं, कारण त्यातला मुद्दाच गेला होता.

नंदीचं मात्र वेगळंच सुरू झालं. देवाच्या घडणीचा बैल आणि त्याच्यापुढे मोकळी जागा दिसल्यावर लोक किती दिवस धीर धरणार? कोणीतरी कुंकू लावलं, कोणीतरी दिवा ठेवला, प्रदोषाला दुधाची वाटी येऊ लागली. ज्या मुदलाळींना रहदारी तुंबायची भीती होती त्यांच्या बैलाला लोक चपला काढून प्रदक्षिणा घालत, आणि राबणारी बाई कुणाच्या खिजगणतीत नव्हती. आई म्हणायची, हा खरा वारसा.

मग मुदलाळींनी एका शीतपेयाची एजन्सी घेतली. भाताला आता पूर्वीसारखे दिवस नाहीत, असं ते सांगू लागले. एके दिवशी पुतळ्याच्या समोरच एक अवाढव्य फलक उभा राहिला. त्यावर एक सिनेमातली नटी बाटली तोंडाला लावून हसत होती. फलक नेमका एवढा उंच होता की बसमधून पुतळ्याचा फक्त भारा दिसायचा. म्हणजे दिसायला असं दिसे की ती नटीच डोक्यावर भात घेऊन शीतपेय पिते आहे. आई गिरणीत गेली. मुदलाळींनी तिला एक बाटली दिली आणि म्हणाले, काळ बदलतो आहे, टीचरम्मा. ती बाटली न पिता परत आली. त्या वेळी मी पहिल्यांदा तिला हरलेली पाहिली. जेवताना ती अप्पांना म्हणाली, पोलकं घालून काय उपयोग झाला, वरून आख्खी झाकलीच की.

सोडवणूक बैलाने केली. ऐन कार्तिकात समुद्रावरून वारा सुटला आणि फलक मागे कोसळला. बाईला धक्का लागला नाही, पण बैलाचं एक शिंग गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे दिवे लावणारी मंडळी जमली. देवाचं शिंग मोडणाऱ्या शीतपेयाची बाटली या रस्त्यावर विकू देणार नाही, असं ठरू लागलं. त्यातली निम्मी मंडळी मुदलाळींच्या गिरणीला भात विकणारी होती. मुदलाळी तिकडे नारळ घेऊन धावले, बैलाला शांत केलं, शिंग बसवून दिलं आणि फलक रस्त्याच्या पलीकडे लावला. आई मला म्हणाली, बसून राहण्याचेही काही फायदे असतात.

त्यानंतर मी पुण्याला गेले. दशक संपत आलं तसा तो रस्ता रुंद करायचं निघालं आणि पुतळा मधोमध येऊ लागला. त्याला भात खरेदीच्या सरकारी बाजाराच्या आवारात हलवायचं ठरलं. मी त्याच आठवड्यात सुट्टीवर घरी होते, म्हणून आम्ही तिघंही बघायला गेलो. आई नुकतीच निवृत्त झाली होती. केस पांढरे, चष्मा जाड, आणि चालताना माझा दंड धरायची. स्थपतीही आले होते, पाठीत वाकलेले. त्यांनी आईला नमस्कार केला आणि दोघं टपरीत कॉफी घेऊन बसले. स्थपती म्हणाले, तुमच्यानंतर मी पुन्हा देवीच केल्या. आईने विचारलं, का? ते म्हणाले की देवी मागाहून पोलकी मागत नाहीत.

क्रेनने बाईला उचललं तशी भाऱ्याची टोकं विजेच्या तारांत जाऊ लागली. काम थांबलं. अप्पा निवृत्त होते तरी बूथवर जाऊन त्यांनी जुन्या ऑफिसात फोन केला आणि त्या भागाची वीज बंद करवली. त्यांच्या आयुष्यातली ती बहुधा एकमेव फाइल, जी लगेच हलली. बाई हळूच खाली आली, आडवी झाली आणि लॉरीवर निजली. तेव्हा मी तिचा चेहरा पहिल्यांदा जवळून पाहिला. रंगाचे पापुद्रे उडाले होते, पण भुवई तशीच होती.

आई चाकाजवळ उभी राहून बघत होती. "मी अशी दिसायचे?" तिने विचारलं.

"अजून दिसतेस," अप्पा म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं, चेष्टा आहे का ते बघायला. ते चेष्टा करत नव्हते. मग आम्ही ऑटोतून लॉरीच्या मागे निघालो. सबंध गावातून ती सिमेंटची बाई आकाशाकडे बघत निजून चालली होती, आणि मागून आम्ही. अप्पा म्हणाले, आपल्या लग्नातही तुझी वरात एवढी मोठी नव्हती. आई हसली. मला तिचं ते हसणं नीट आठवतं, कारण ऑटोच्या आरशात ड्रायव्हरही तिच्याकडे बघत होता.

बाजाराच्या आवारात नवा चौथरा बांधला होता. बैल आधीच येऊन कोपऱ्यात बसला होता, आणि त्याच्या पुढे कोणीतरी फूल ठेवलंही होतं. क्रेनवाल्याने बाईला उभं केलं, अर्धवट फिरवलं आणि खाली ओरडून विचारलं की इथले इंजिनिअर कोण, तोंड कुठे करायचं? जमलेल्या सगळ्यांनी आईकडे बोट दाखवलं. तिने ते नाकारलं नाही. माझा दंड सोडून ती पुढे गेली, चष्मा वर सरकवला, आणि फाटकाकडे, वजनकाट्याकडे, सावलीत भाताची पोती वजनासाठी लावून बसलेल्या बायकांकडे पाहिलं.

"काट्याकडे," ती म्हणाली. "थोडं डावीकडे. अजून."